आईचा निवाडा

फाल्गुनातली उतरती दुपार. कृष्णेचं पाणी कृश, संथ, पितळवर्णी. घाटाच्या पायऱ्यांवर सुवर्णरेखांकित ऊन, आणि पैलतीरी पर्णहीन पळस रक्तकुसुमांनी पेटलेले. अशा वैभवशाली, निष्ठुर दुपारी वाईच्या बायकांचं वाचक मंडळ कमलिनीबाईंच्या माडीवर जमलं होतं.

शरयूबाई खरं तर बसायला आल्याच नव्हत्या. पुस्तक परत करायचं आणि स्टँड गाठायचं, एवढंच मनाशी धरलं होतं. चार वर्षांपूर्वी परजातीत लग्न केलं म्हणून जिला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, ती लेक, अवंती, आज गावात होती. जावयाची बदली दूर आसामात झाली होती. सकाळी तिचा फोन आला होता.

"आई, पाच-वीसची बस आहे. स्टँडवर ये. आज नाही आलीस, तर पुन्हा बोलावणार नाही."

पण भित्र्या मनाला टेकायला जागा सापडतेच. शरयूबाई टेकल्या.

मंडळात त्या दिवशी चर्चेला घेतलेली कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची. तिच्यातल्या बालविधवेला प्रीतीची एक कोवळी पालवी फुटते, आणि अख्खा गाव कुऱ्हाडी परजून धावतो. शेवटी ती माहेरच्या दाराशी येते. आई आतून कडी घालते.

बायकांनी डोळे टिपले. काय ती निर्दय माणसं, काय तो काळ, म्हणाल्या. याच बायकांनी अवंतीच्या लग्नानंतर शरयूबाईंना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं; लेकीला तोडल्याचं कळल्यावर ते पुन्हा सुरू झालं होतं.

मंडळाचा एक रिवाज होता. चिठ्ठी उचलायची, येईल त्या पात्राची बाजू मांडायची, मग हात वर करून निवाडा. शरयूबाईंच्या चिठ्ठीत निघालं: आई.

त्या उठल्या, आणि मनाशी पण केला. एक, एक जरी हात आईविरुद्ध वर झाला, तरी तडक निघायचं. स्टँड हाकेच्या अंतरावर होतं.

"दार मीच लावलं," त्या म्हणाल्या. "पण कडी घालून मी दारालाच टेकून बसले. पलीकडे ती रडत होती, अलीकडे मी. मधे दोन बोटं जाडीचं लाकूड होतं. तेवढं गावाचं होतं."

शब्द येत गेले. चार वर्षं गिळलेले, विषकडू, धारदार शब्द.

"आई दोषी वाटते त्यांनी हात वर करा," कमलिनीबाई म्हणाल्या.

शरयूबाईंनी एकेक मुखावरून आर्त, याचक दृष्टी फिरवली. दोषी म्हणा. कुणीतरी म्हणा. मेंदी रेखलेले, कंकणमंडित सारे हात मांडीवर निश्चल होते.

"निर्दोष?"

सगळे हात एकदम उंचावले. काचेच्या बांगड्या किणकिणत कोपरांकडे घसरल्या.

"पटलं हो," कमलिनीबाई मायेनं म्हणाल्या. "आपण तरी दुसरं काय केलं असतं?"

न्याय मिळाला होता. उठायला आता कारण उरलं नव्हतं. शरयूबाईंचे पाय सतरंजीत रुतले, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

खाली पुलावरून पाच-वीसची लाल बस निघाली. तिच्या काचांवर ऊन होतं, नुसतं झळझळीत ऊन. आतलं कुणी दिसलं नाही. माडीवर टाळ्या चालू होत्या. शरयूबाईंचेही हात हलले, जुळले, आणि हळूहळू, सर्वांच्या तालात, टाळ्या वाजवू लागले.