तेल बघत जा

ऐक, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. एक एप्रिलची सकाळ, आणि गुड्रुन गॅरेजचं शटर दोन्ही हातांनी वर ढकलतेय. अर्ध्यात अडकलं. तिने खालून खांदा लावला, दात-ओठ खाल्ले, आणि धाडकन गेलं वर.

आत गाडी. हिरवी, बुटकी, गोल डोळ्यांची, पन्नाशीला टेकलेली. इंजिन मागे, आणि तेही पाण्याने नाही, हवेने थंड होणारं. गुड्रुन तिला सवत म्हणायची. चोरून नाही हं, नवऱ्याच्या तोंडावर, आणि गाडीच्याही.

नवरा अंगणात खुर्चीत बसलेला. एबरहार्ड ष्टॉट्स. मांडीवर घोंगडी, आणि तोंड असं की जणू दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं काहीतरी चाललंय. हिवाळ्यात त्याची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आता बरा होता. डॉक्टर म्हणाले, हिंडा, गाडी चालवा, फक्त जड काही उचलू नका. पण हा घरी आला तो खिडकीशी जो बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, इथेच आण. आणि एक दिवस म्हणाला, गाडी विकतो.

बघ ना, गाडी गेली तर हा माणूस जिना उतरणार कशासाठी? गुड्रुन म्हणालीसुद्धा, "नको विकूस."

"तूच तर आयुष्यभर सांगत होतीस, विक म्हणून."

 

गिऱ्हाईक आजच यायचं होतं, कारण नंबर प्लेटच तशी, एप्रिल ते ऑक्टोबरची, तेवढेच महिने गाडी रस्त्यावर आणता येते. हिवाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खातं ते, म्हणून असल्या गाड्या थंडीभर गॅरेजात. ट्युबिंगनचा दातांचा डॉक्टर होता, फोलमर नावाचा. याच्याच जुन्या गाड्यांच्या क्लबातला, दोन वर्षांपूर्वी नवा आलेला. आला तोच गुडघ्यावर बसला, खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालून फिरवायला लागला. चिकटलं की पत्रा, नाही चिकटलं की आत पुट्टी भरलेली.

"इथे चिकटत नाही, हेर ष्टॉट्स."

"तिथे रबर आहे. खाली घ्या थोडं."

"हां, चिकटलं." फोलमर जरा ओशाळला. "चेन ताणणारे बदललेत का? ते गेले तर इंजिनच जातं म्हणतात."

"बदललेत. सीटखालचे हीटरचे पाइपसुद्धा. तोंड मिटा, दात किडतील तुमचे."

गुड्रुन खुदकन हसली. कितीतरी आठवड्यांनी तो असलं काही बोलला होता.

आणि मग फोलमरने चावी फिरवली.

अगं, धूर म्हणजे काय! आधी पांढरा, मग निळसर, मग नुसता लोटच्या लोट. शेजारच्या फ्राउ ब्युर्कलेची त्या आठवड्यात झाडायची पाळी होती. फुटपाथ, पायऱ्या, सगळं चकाचक करून ती जरा टेकली होती. खराटा उंचावून ओरडली,

"एबरहार्ड, रोमसारखा धूर सोडताय, नवा पोप निवडलात की काय? अरे, आपण प्रोटेस्टंट!"

सुरू करताना थोडा धूर या गाड्या टाकतातच. पण हा थांबेचना. फोलमर नाकाला रुमाल लावून बाहेर आला.

"इंजिन गेलंय. पूर्ण उघडावं लागणार. मी सुट्या भागांसाठी घेईन, पण मग अर्ध्या किमतीत."

एबरहार्डने घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. गुड्रुनला कळलं, हा आता 'न्या' म्हणणार. तिने बघवेना म्हणून मान वळवली.

"बंद करू नका," तो म्हणाला. "तापू दे."

घोंगडी खाली पडली. तो उठून मागे गेला, झाकण उघडलं, तेल मोजायची काडी ओढली, पँटला पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. आणि काडीकडे बघतच राहिला. मग गॅरेजच्या भिंतीकडे बघितलं. तिथे तेलाचे रिकामे डबे ओळीने उपडे ठेवलेले, धुतलेले, झाकणं वेगळी. गुड्रुन भंगारसुद्धा धुऊन देते, माहितीये ना तुला.

तिला वाटलं, बरं झालं, निदान हे तरी दिसलं त्याला. कारण ॲम्ब्युलन्समध्ये घालताना, ओठ निळे पडलेले असताना, हा माणूस एवढंच म्हणाला होता, "तेल बघत जा." आणि ती बघत होती. काडी ओढायची, कोरडी निघायची, ती ओतायची. पुढच्या वेळी बघावं तर पुन्हा कोरडी.

"एक रविवार चुकवला नाही मी," इंजिनाच्या आवाजात ती त्याच्या कानाशी म्हणाली. "चर्चमधून आले की आधी हिचं तेल. उपाशी नाही ठेवली तुझ्या लाडकीला."

एबरहार्डने काडी हळूच आत सरकवली.

"काय झालं?" फोलमरने विचारलं.

"तेल जास्त झालंय. फार जास्त. तेच जळतंय. इंजिनाला काही झालेलं नाही." मग बोटं पँटला पुसत, "मीच. ऑक्टोबरात ठेवताना ओतलं असणार. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तुम्ही?" फोलमरला हसू आवरेना. "क्लबात मला तासभर उभं करून तेल बघायला शिकवलं होतंत, आणि तुम्ही?"

"ऐकलं गं बाई मी!" फ्राउ ब्युर्कले कुंपणापलीकडून. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली.

"मग इंजिन चांगलंय तर पूर्ण किंमत देतो," फोलमर म्हणाला.

"नाही. आता नाही विकायची."

"का?"

"आधी हे निस्तरू दे."

फोलमर चुंबक गुंडाळून गेला. हा आपला बाह्या सरसावतोय! गुड्रुनने त्याला पुन्हा खुर्चीत दाबलं, त्याची कामाची डांगरी स्वतःच्या अंगात चढवली आणि गाडीखाली शिरली. तो वरून हुकूम सोडतोय.

"डावीकडे. तुझं डावं, माझं नाही. पाना लागला? हळू, पोळेल."

"आयुष्यभर तुझे मोजे धुतले, आता हिचं पोट साफ करतेय."

"सवतीची सेवा, पुण्य लागतं."

तेल काळं, गरम, भांड्यात पडत राहिलं, तिच्या मनगटावरून ओघळलं. मधेच तो थांब म्हणाला, तिने बूच घट्ट बसवलं. मग त्याने इंजिन पुन्हा चालू केलं. धूर हळूहळू विरळ झाला. त्याने तिला मागे बोलावलं.

"ये, बघ. जमीन सपाट हवी, इंजिन तापलेलं आणि चालू. तेव्हाच ओढायची काडी."

"आणि बंद असताना?"

तो काडी पुसत राहिला. "बंद असलं की तेल टाकीतून खाली इंजिनात उतरतं. काडी टाकीतलं मोजते, म्हणून तेल भरपूर असलं तरी कोरडी."

गुड्रुनने मान डोलावली. मग तिची नजर भिंतीजवळच्या रिकाम्या डब्यांकडे गेली. एक, दोन, पुढे मोजायची गरजच नव्हती. मनगटावरचं तेल ती डांगरीला पुसत राहिली, पुसून झालं तरी.

"एबरहार्ड..."

"बस गाडीत," तो म्हणाला. "उराख गावापर्यंत जाऊ. लोणी लावलेला ब्रेत्सेल खाऊ. की तुझी डाळ चुलीवर आहे?"

"डाळ काय, उद्याही चांगली लागते."

तो चालवायला बसला. खिडकीशी बसायचा ना, तसा नाही, पाठ ताठ. गाडी गुरगुरत अंगणाबाहेर पडली. कोपऱ्यावर फ्राउ ब्युर्कले उभी, आता सोबत आणखी दोघीजणी, आणि तिघीही पदराआड हसावं तशा खराट्याआड हसतायत.

"काय एबरहार्ड, तेल बघितलंस का आज?"

त्याने गाडी हळू केली आणि हात वर करून त्यांच्याबरोबर हसला. गाडीचं गणित ज्याला विचारायला लोक गावोगावहून यायचे, तो.

गुड्रुनने खिडकीची काच खाली घ्यायला सुरुवात केली. अर्धी उतरली. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. आणि तिच्या काळ्या झालेल्या मनगटावर त्याचा हात आला, नुसता ठेवलेला, समोर रस्त्याकडेच बघत.

आता सांग, तू काय केलं असतंस? काच खाली घेतली असतीस, की वर?