देल्मोचं नाव

दातांच्या फटीत द्राक्षाची बी अडकली होती, सकाळपासून. जिभेने ती ढकलत एर्नेस्ता चौकात पाहुण्यांची वाट बघत उभी होती. तोरिनोहून येणारं म्हातारं जोडपं—चर्च, वेस, तटबंदी, मग तळघर, तीन पेले वाइन आणि चीज... रोकाव्हेला गावात एवढंच तर आहे, बावीस वर्षं हेच दाखवतोय आपण, झोपेतही दाखवू. पण आज भाची सोबत होती, काम शिकायला, आणि आज तिला सांगायचंच होतं, तळघरात उतरायच्या आधी. नीवेसला सातवा महिना. मुलगा आहे, हे डॉक्टरांनी सांगून टाकलेलं, आणि पहिल्या मुलाला आजोबांचं नाव हे या गावात कुणाला ठरवावं लागत नाही. काल जेवताना नीवेस म्हणाली होती, "दारुड्याचं नाव माझ्या पोराला नको." एर्नेस्ताने तिच्यापुढे पाव सरकवला होता.

दारुडा! दुपारी जेवताना दोन पेले घ्यायचा देल्मो, तिचा बाप, ते तर सगळं गावच घेतं. नऊ वर्षांपूर्वी, असाच ऑक्टोबर... तळघरातल्या टाकीतली वाइन काढून घेतली की तळाचा चोथा उपसायला एकाने आत उतरायचं, आणि त्याआधी दुसऱ्याने दोरीला बांधलेली मेणबत्ती पार तळापर्यंत सोडायची. विझली तर खाली जीवघेणी हवा साचलेली. नाही विझली तर ‘जळतेय’ म्हणायचं, मग उतरणाऱ्याने उतरायचं. वर पाहुणे खोळंबले होते, दोरीचा गुंता झाला होता, मेणबत्ती अर्ध्यावरच लोंबकळत राहिली—पण जळत होती, खोटं कुठे बोलले मी, जळतच होती. "जळतेय," मी म्हणाले. दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि वर गेले. माझा भाऊ शीळ घालत शिडी उतरला असेल, तसाच उतरायचा नेहमी.

मेणबत्ती जागच्या जागी बघून गाव म्हणालं, प्यायलेला असणार, मेणबत्ती न सोडताच उतरला. एर्नेस्ताने मिठाची गुळणी धरली. दफन झाल्यावर सांगू, मग नाताळ झाल्यावर, मग पोरीची परीक्षा झाल्यावर... आईविना पोर, आत्याच्याच कुशीत मोठी झाली.

चर्चच्या पायऱ्यांवर तिने सुरुवात केली. "नीवेस, तुझ्या बाबांचं—"

"आत्या, सकाळी सकाळी तोंड कडू करू नकोस."

तटबंदीवर जोडपं लालसर झालेल्या द्राक्षमळ्यांचे फोटो काढत होतं. नीवेस दमून बाकावर टेकली. एर्नेस्ता तिची पाठ चोळत राहिली, आणि बोलायला घेतलेलं वाक्य पाठीच्या मणक्यांवरून वर-खाली होत राहिलं. आता सांगितलं तर ही पाठ हाताखालून निघून जाईल. कायमची. म्हातारा जवळ आला आणि त्याने चीज कधी मिळणार ते विचारलं. बायको म्हणाली, "घरून खाऊन आलाय हो हा. लाज नाही मेल्याला." नीवेस हसली. तेवढ्यावर निभावलं.

तळघरात नीवेसनेच दोरी काढली. मेणबत्ती पेटवली, टाकीच्या काठावर ओणवी झाली आणि हळूहळू सोडत गेली, तळाला टेकेपर्यंत. कुठेही घाई नाही.

"एवढंच करायचं असतं," ती पाहुण्यांना म्हणाली. "माझ्या बाबांना एवढंही जमलं नाही. पिऊन उतरले."

मग म्हातारीने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "नाव ठरलं का ग बाळाचं?"

"एर्नेस्तो." नीवेसने मान वळवली. "आत्यावरून. मला हिनेच वाढवलं. हिलाही आत्ताच कळतंय."

सगळे एर्नेस्ताकडे बघू लागले. आता. आता नाही तर कधीच नाही, हे तिला लख्ख कळत होतं. छातीतून काहीतरी गरम वर चढत होतं. तिला वाटलं शरम असेल, नाहीतर रडू. ती वाट बघत राहिली... आणि तो आनंद निघाला. निव्वळ, अधाशी आनंद. एर्नेस्तो. तिने मनातल्या मनात हाक मारून पाहिली, अंगणातल्या पोराला जेवायला बोलवावं तशी. पुन्हा एकदा मारली.

देल्मो आठवला तो त्यानंतर.