टक्क्यापुढचा मजकूर

छापखान्यात मी आणि माझा धाकटा भाऊ पाठीला पाठ लावून बसतो. बरंच आहे, त्याचं तोंड तरी बघावं लागत नाही. आई कुणाकडे राहणार यावरून आमचं फाटलं ते फाटलंच. मी संगणकावर पानं जुळवते, तो पानांच्या पोटात चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहितो. माझ्या पानाने स्क्रिप्टला औषधाचं नाव द्यायचं, स्क्रिप्टने त्याची माहिती शोधून पानाला परत करायची. आमच्यात देवाणघेवाण उरली ती एवढीच. त्याची फाइल त्याने पासवर्ड घालून कुलूपबंद ठेवली आहे.

डोळ्यांच्या थेंबांचं पत्रक आजच छापून जायचं होतं. प्रूफ वाचताना माझं बोट एका ओळीवर अडलं. ‘तीव्रता ०.१’ आणि पुढे सगळं कोरं! मूळ मजकूर होता, ‘तीव्रता ०.१%. काचबिंदू असल्यास वापरू नये.’ आमची प्रणाली टक्क्याचं चिन्ह दिसलं की ओळीतलं पुढचं सगळं शेरा समजून गाळते. म्हणून माहिती परत देताना स्क्रिप्टने त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घालायची असते. आमचे बंधुराज विसरले होते.

"इशारा गेलाय. तुझ्या स्क्रिप्टमध्ये रेघ घाल," मी म्हणाले.

"माझ्याकडून पूर्ण आला होता. तुझ्या पानाने खाल्ला."

"अरे, लोकांचे डोळे जातील!"

"मग चूक तुझी होती, असं मालकांना कबूल कर. लगेच घालतो."

असा संताप आला की की-बोर्ड उचलून त्याच्या डोक्यात घालावा. तेवढ्यात मालक आलेच. त्यांना स्क्रिप्टमधलं ओ की ठो कळत नाही. "छपाई का अडलीय? कुणी घोळ घातला?"

भाऊ हाताची घडी घालून छताकडे बघत बसला.

"मी," मी म्हणाले.

त्याने कुलूप उघडलं, रेघ घातली. नव्या प्रूफमध्ये इशारा आला. मी तो बोट ठेवून वाचला आणि सही केली.

"उद्यापासून पानंही हाच बघेल," मालक मला म्हणाले. "तुम्ही हिशोब करून घ्या."

भाऊ गालातल्या गालात हसत होता. मी पर्स खांद्याला लावली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"इशारा काय होता रे? सांग बघू."

तो प्रूफकडे वळायला लागला. मी त्यावर हात ठेवला. त्याला सांगता येईना.