एकतीस वर्षांचं झाकण

"अहो, कांदा चिरताय की पंप उघडताय?" बायकोनं बाहेरच्या खोलीतून विचारलं. पंपमेकॅनिकनं खरोखरच पान्हा धरावा तशी सुरी धरली होती.

न्हाणीघरात घसरून तिचा उजवा हात मोडला होता. दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर. त्यामुळे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती टीव्हीसमोर त्याच्या खुर्चीत होती आणि तो ओट्यापाशी. सामना बघायला त्याचा धाकटा भाऊ आणि शेजारचा टायरवाला आले होते. तिघेही लाल संघाचे, आणि असे कट्टर की टायरवाल्यानं डॉक्टरांनी बजावूनही हिरवी भाजी तोंडात घातली नव्हती.

फुटबॉलच्या दिवशी या घरात एकच बेत असायचा. बटाटा, गाजर आणि सढळ हातानं लोणी घातलेलं दाट सूप, सोबत भाजलेला पाव. पातेलं एवढं मोठं की धाकटा भाऊ लहानपणी त्यात आंघोळ करायचा. पण खरी ख्याती होती ती पातेल्याच्या झाकणाची. वैरी हिरव्या संघानं गोल केला की बायको ते ओट्यावर असं आपटायची की तीन गल्ल्यांपलीकडे दाढी करणाऱ्याचा गाल कापावा. एका मोसमात हिरवे इतके जोरात होते की झाकणाची पार परात झाली. मेकॅनिकनं हातोडीनं ठोकून ते परत जाग्यावर आणलं.

आणि प्रत्येक वेळी तो उठून आत जायचा. ती पातेल्यावर वाकलेली असायची, खांदे गदगदत असायचे. एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं, असं म्हणत तो तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. जन्मभर त्यानं अख्ख्या शहराचे पंप दुरुस्त केले. पाणी बंद झालं की लोकांना तो आठवायचा, नळ वाहू लागला की विसरायचे. पण आपलं दुःख आपल्याहून जास्त लागणारं एक माणूस घरात आहे, एवढ्या बळावर तो ताठ मानेनं चालायचा.

सूप रटरटू लागलं आणि बाहेर हिरव्यांनी गोल केला. सवयीनं तो ठणठणाटाची वाट बघत राहिला. मग लक्षात आलं, झाकण आज आपल्याच हातात आहे.

"बसला! कोपऱ्यात बसला!"

आवाज बायकोचा होता. तो पळी घेऊन दारात आला. प्लास्टरचा हात झेंड्यासारखा उंच धरून ती उभी होती. टायरवाल्याच्या तोंडातला पाव तोंडातच राहिला होता. धाकट्या भावानं हळूच विचारलं, "वहिनी, डॉक्टरांनी औषध कुठलं दिलंय?"

पळीतून सूप चटईवर ठिबकत होतं. पुसा, असं कुणी म्हणेना.

ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. तिचे वडील हिरव्यांच्या मैदानावर दरवान होते. त्यांच्या स्टुलावर उभी राहून ती लहानाची मोठी झाली. लग्न होऊन आली तर सगळं घर लाल. कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

"मग ते झाकण?" त्यानं विचारलं.

"टाळ्या वाजवल्या असत्या तर सासूबाईंनी हाकलून दिलं असतं."

"आणि रडायचीस ते?"

"हसू आवरत नसायचं हो." ती थांबली. "पण तुम्ही पाठीवरून हात फिरवलात की मग खरंच रडू यायचं."

तो आत गेला. डोक्यात एकतीस वर्षांचे गोल एकामागून एक उलटे फिरत होते. ते सगळे हात, त्या सगळ्या पाठी. सूप तळाला लागतंय हेही त्याला कळलं नाही.

उत्तरार्धात लाल संघानं बरोबरी साधली. दोघे पाहुणे ओरडले, पण चोरट्यासारखे, तिच्याकडे बघत. आणि शेवटच्या मिनिटाला हिरव्यांनी दुसरा गोल केला.

बाहेर चिडीचूप. त्यानं दाराआडून पाहिलं. बायको ओठ घट्ट मिटून बसली होती, डावा हात मांडीखाली दाबून. त्याच्यासाठी. आणि आज तिला उठून जायला स्वयंपाकघरही नव्हतं.

तो परत ओट्यापाशी आला. झाकण उचललं. काठावरचे पोचे त्यानं एकदा अंगठ्यानं चाचपले आणि ते ओट्यावर आपटलं.

ठण्.

मग बाहेरून तिचा आवाज आला, जरासा ओला.

"अहो, जरा जोरात."

त्यानं गॅस बारीक केला, आणि झाकण पुन्हा डोक्याच्या वर उचललं.