एका प्रांतात एकच बर्निस

अडतीस वर्षं आमच्या चर्चच्या शरदातल्या जेवणाला शेपू घातलेलं काकडीचं लोणचं मी देते, आणि अडतीस वर्षं सगळे त्याला क्लेटनचं लोणचं म्हणतात. का, तर बरण्या गाडीतून उचलून आत तो आणतो. काकड्या मी लावायच्या, मी खुडायच्या, व्हिनेगरच्या वाफेने डोळे माझे चुरचुरायचे आणि नाव नवऱ्याचं. म्हणून यंदा मी जाहीर केलं, की लोणच्याची कंपनी काढायची आणि बरणीवर माझं नाव छापायचं: बर्निस पिकल्स.

क्लेटनला कल्पना आवडली. इतकी आवडली, की त्याने ती लगेच ताब्यात घेतली.

"नुसती सस्कॅचवान प्रांतात नाही नोंदवायची," तो कॉफी ढवळत म्हणाला. "थेट केंद्रात. म्हणजे अख्ख्या कॅनडात नाव आपलं."

"अख्ख्या कॅनडाला पुरतील एवढ्या काकड्या आहेत का आपल्याकडे?"

"जरा मोठा विचार कर, बर्निस."

मोठा विचार करणारे हे गृहस्थ शेजारच्या प्रांतातल्या विनिपेगच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. तिथूनसुद्धा हॉकीचा सामना अर्धा टाकून निघाले होते, पार्किंगमध्ये गर्दी होईल म्हणून. पण अर्ज त्यानेच भरला.

आठवड्याने उत्तर आलं. नोव्हा स्कोशिया प्रांतात एक बर्निस पिकल्स आधीच आहे. त्यांची लेखी संमती आणा, नाहीतर दुसरं नाव सुचवा.

मी फोन लावला. पलीकडे बर्निस मॅकआयझॅक, वय एक्क्याऐंशी. हिरव्या टोमॅटोचं लोणचं घालतात.

"माफ करा हं," मी म्हटलं, "माझं नाव तुमच्या नावासारखं निघालं."

"अगं, माफी मी मागायला हवी. मीच आधी घेऊन बसले. तू ठेव ते, मी दुसरं बघते."

"असं कसं? तुम्ही मोठ्या. मीच सोडते."

"मोठी आहे म्हणूनच सांगते, घे मुकाट्याने."

पाऊण तास आम्ही एकमेकींना नाव देत होतो आणि घ्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी मी फोन ठेवला आणि शरमेने केंद्राला कळवून टाकलं, की हे नाव आम्हाला नको. दुसरं नाव तरी कुठून आणू? मी जन्मापासून बर्निसच.

नाव नसलं तर केंद्र सरकार कंपनीला नंबर देतं. क्लेटन तो कागद वाचून खूश झाला.

"भलामोठा नंबर आणि पुढे कॅनडा. भारदस्त वाटतं. बरणीवर हेच छापू."

मला तिथेच रडू फुटलं. इतकी वर्षं क्लेटनचं म्हणून खाल्लं, आता लोक म्हणणार, तो नंबर जरा इकडे सरकवा.

"क्लेटन, खरं सांग. व्हँकुव्हरमध्ये माझं लोणचं कोण खाणार आहे?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

"आणि चर्चच्या हॉलमध्ये?"

"सगळेच."

"मग प्रांतात नोंदव."

सस्कॅचवानमध्ये शोध घेतला, तर पिकल्सवाली बर्निस एकही नाही. मी धावत जाऊन पुन्हा नोव्हा स्कोशियाला फोन केला: तुमच्या प्रांतात तुम्ही बर्निस, माझ्या प्रांतात मी, कोणी काही सोडायचं नाही.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "नाव बदलायचा अर्ज लिहून ठेवला होता. आमचे हे पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत आणि वाटेत कुणाशी तरी बोलत उभे असतील." मग आम्ही दोघींनी एकमेकींची माफी मागितली, पण या वेळी थोडक्यात.

शरदातलं जेवण आलं. बरण्या क्लेटननेच आत आणल्या, पण आता प्रत्येकीवर माझं नाव छापलेलं होतं. टर्की वाढून झाली, बटाटे वाढून झाले आणि मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "ते बर्निसचं लोणचं इकडे द्या बरं."

क्लेटन सवयीने अर्धवट उठला होता, तो परत बसला. बरणी हॉलभर फिरून माझ्याकडे आली तेव्हा आत नुसतं पाणी आणि शेपूची एक काडी उरली होती. शेजारणीने ती काडी मागितली, तरी मी ती कुणाला दिली नाही.