पहिल्या रांगेतून दिसले पाहिजेत असे ओठ

लिपस्टिकच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. अहो, पार्लर चालवते मी. माझ्या हातून तयार झालेली नवरी जेवते, रडते, मैत्रिणींच्या गळ्यात पडते, आणि तरी संध्याकाळी तिचे ओठ सकाळी होते तसेच असतात. म्हणून त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या कामाला नावं ठेवली तेव्हा माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला असेल, ते तुम्हीच समजा.

सासूबाईंना ऐकू येत नाही. कापड गिरणीत मागावर उभं राहून राहून कान गेले, मी या घरात यायच्या कितीतरी आधी. यंत्र लावून पाहिलं, तर त्यातून त्यांना पुन्हा गिरणीच ऐकू यायला लागली, म्हणून ते कायमचं कपाटात गेलं. त्या ओठ वाचतात. त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याकडे पाठ करून कुणी बोलत नाही, तोंडात घास ठेवून बोलत नाही, आणि ह्यांना मिशी ठेवायची परवानगी नाही. भांडायचं तेही समोरासमोर, उजेडात. एकदा मी ओट्याकडे तोंड करून मनातली सगळी मळमळ बाहेर काढली, तर मागून मुद्देसूद उत्तर आलं. समोरच्या खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं.

आमच्या लेकीला घरात सगळे भोंगा म्हणतात. ती हळू बोलली तरी शेजारचे दार उघडून बघतात. त्या आवाजाचा आजीला उपयोग शून्य, तरी घरात सगळ्यात गट्टी त्या दोघींचीच. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून त्या माझ्यादेखत माझ्या चहाड्या करतात. इतक्या वर्षांत मलाही ते वाचता यायला लागलंय, हे त्या सोयीस्करपणे विसरतात.

भोंगा हौशी नाटकात काम करते. मागच्या नाटकाला आम्ही सासूबाईंना नेलं होतं. लोक हसले की त्या हसायच्या, जरा उशिरा, शेजारच्यांकडे बघून. घरी येऊन छान झालं म्हणाल्या. भोंग्याने फारच खनपटीला बसून विचारलं तेव्हा कबूल केलं, की एक शब्द कळला नाही. त्या झगझगीत दिव्यांत सगळ्यांची तोंडं पांढरीफटक, ओठ कुठे आहेत तेच दिसेना. यंदा पोरीला मुख्य काम मिळालं, एका खाणावळीच्या मालकिणीचं, तर आजी म्हणाल्या, मी घरीच बरी, माझ्यापायी खुर्ची कशाला अडवता. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मागाहून ती माझ्याकडे आली.

"आई, आजीला माझं नाटक कळलं पाहिजे. बाकी कुणाला नाही कळलं तरी चालेल."

म्हटलं, एवढंच ना, हा तर माझ्या हातचा मळ. आजीला कसंबसं एका तालमीपुरतं राजी केलं. बाहेरच्या खोलीत एका टोकाला भोंग्याला उभं केलं, तोंडावर टेबललॅम्पचा झोत सोडला, आणि दुसऱ्या टोकाला दाराशी सासूबाईंची खुर्ची. पोरीचे ओठ मी जीव ओतून केले. मूळ कडेच्या किंचित बाहेरून रेघ, म्हणजे भरलेले दिसतात, कडेला गडद, मधे फिकट, वरून चकाकी. मासिकाच्या पानावरून उतरल्यासारखी दिसत होती हो पोर.

भोंग्याने संवाद सुरू केले. सासूबाई पुढे वाकल्या, डोळे बारीक केले, आणि शेवटी मान हलवली. तोंडात कापूस भरून बोलते की काय ही, म्हणाल्या.

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. त्यांच्यासमोर उजेडात उभी राहून मी स्पष्ट सांगितलं, की असे ओठ करून घ्यायला बायका लांबून लांबून माझ्याकडे येतात, आणि ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात माणसाने बोलू नये. त्यांनी शांतपणे सगळं वाचून घेतलं.

"ओठ हलतात एकीकडे आणि तू काढलेली रेघ राहते भलतीकडे," त्या म्हणाल्या. "वर ती चकाकी. दिवा पडला की नुसता पांढरा ठिपका. तू स्वतः रोज लावतेस तसं लाव की तिला."

मी चाटच पडले. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून या बाई माझ्या लाल ओठांकडे टक लावून बघायच्या. मला वाटायचं, यांना खपत नाही. मग मीही हट्टाने आणखी गडद लावायची, आजारी असले तरी लावायची. म्हटलं, आई, तुम्हाला तर माझी लिपस्टिक आवडत नाही.

"आवडायचंय काय त्यात? तू आलीस आणि या घरात मला पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं पुरतं कळायला लागलं. सगळं कळतं. खिडकीतलंसुद्धा."

मला भरूनच आलं. पण रडं दाखवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून कापूस आणते असं सांगून मी आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले. बाहेर आले ती भोंग्याचे ओठ पुसायलाच. नंतर त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची घ्यायला लावली, आणि त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

आता खरी अडचण पुढेच होती. या नाटकात मालकीणबाई सारखं सूप पितात, आणि नाटकाच्या सरांना ते खरंखुरं, वाफाळतं हवं होतं. पाण्याला लिपस्टिक दाद देत नाही, पण तेल-लोण्याचा थेंब लागला की बघता बघता विरघळते. दुसऱ्या अंकात पोर बिनओठांची झाली की आजीचं नाटक तिथेच संपलं. मी सरांना बजावलं, सूप माझ्या घरून येईल. तेल नाही, लोणी नाही, सायीचा कण नाही. ढवळताना माझा सगळा जीव त्या एकाच गोष्टीत अडकलेला.

प्रयोगाच्या दुपारी रंगपटाच्या कोपऱ्यात भोंग्याला स्टुलावर बसवलं. ओल्या फडक्याने ओठ हलकेच चोळून सुटलेली सालं काढली, बाम लावून मुरू दिला आणि उरलेला टिपून घेतला. लोक तो तसाच ठेवतात आणि मग रंग घसरला म्हणून रडतात. पेन्सिलीची रेघ अगदी तिच्या स्वतःच्या कडेवरून, केसभरही बाहेर नाही, आणि त्याच पेन्सिलीने आतला सगळा ओठ भरला. वर ब्रशने माझ्याच लाल रंगाचा पातळ हात. टिश्यू पेपर दाबला, मग त्याचा एक पदर ओठांवर धरून वरून पावडर फिरवली, आणि पुन्हा पातळ हात. शेवटी बोट ओठांत धरून बाहेर ओढायला लावलं, म्हणजे आतला रंग बोटाला जातो, दातांना नाही. या सगळ्यात पोर चक्क गप्प बसली होती.

पडदा उघडला आणि मी नाटक सोडून शेजारच्या खुर्चीतल्या सासूबाईंकडेच बघत बसले. त्यांचे डोळे भोंग्याच्या तोंडावर खिळलेले. पहिला विनोद झाला, सभागृह हसलं, आणि त्या सगळ्यांबरोबर हसल्या. उशिरा नाही, शेजारी बघून नाही. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

दुसऱ्या अंकात सूप आलं. भोंग्याने वाडगा तोंडाला लावला, भुरके मारत पार रिकामा केला, आणि खाली ठेवला. ओठ जसेच्या तसे, लालबुंद. माझा जीव भांड्यात पडला. गिऱ्हाइकाकडे वळून ती गरजली की असं चवदार सूप उभ्या शहरात मिळायचं नाही. मग एक पाऊल पुढे आली, सरळ पहिल्या रांगेकडे बघितलं, आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवले.

"आजी, आई मीठ विसरली."

सभागृहात चिडीचूप. लोकांना वाटलं, पोर संवाद विसरली. आणि त्या शांततेत सासूबाई खो खो हसल्या, त्यांना स्वतःला ऐकू न येणारं त्यांचं ते दणदणीत हसू, खुर्ची हलेपर्यंत. लोक माना वळवून बघायला लागले, मग कुणीतरी फिसकन हसलं, मग शेजारचा, आणि कशाला हसतोय ते ठाऊक नसलेलं अख्खं सभागृह त्यांच्या मागोमाग हसायला लागलं.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. पोर काय म्हणाली ते मला सांगायला लागल्या.

मी त्यांच्याकडे नीट तोंड करून, सावकाश म्हटलं, "वाचलं मी."