पासोडीखालची मिरची

कोजागिरीच्या सुमारास आलेलं ते निळं आंतरदेशीय पत्र मधुकररावांनी उत्तर न देता ठेवून दिलं होतं, आणि ठेवलं होतं तेही चष्म्याच्या घरात. रोज सकाळी चष्मा काढायला जावं, तर आधी पत्र हाताला लागायचं. ते बाजूला सारून चष्मा लावायचा, आणि चष्मा लावल्यावर पत्र पुन्हा वाचायचं, असं चाललं होतं.

पत्र सिहोऱ्याच्या पुंडलिकरावांचं होतं. पुंडलिकराव म्हणजे त्यांच्या सुनेचे, स्वातीचे वडील. शेतकरी माणूस, आडवळण ठाऊक नाही. यंदा पावसात पाणी साचून आमची मिरची उभ्याउभ्या वाळली, ठेवलेल्या बियाण्याला ओल लागून बुरशी आली, असं त्यांनी लिहिलं होतं. स्वाती लग्न होऊन तुमसरला आली तेव्हा डब्यात एक रोप घेऊन आली होती. ते अजून तुमच्याकडे उभं आहे असं कळलं. उन्हाळ्यापर्यंत त्याचं बी मिळेल का? मिळणार असेल तर कळवावे.

मिरची साधीच होती. बुटकी, टोकाला बोथट, अंगावर सुरकुत्या. पण वरणाच्या फोडणीत एक टाकली तर शेजारचा माणूस भिंतीपलीकडून विचारायचा, आज काय बेत आहे. पुंडलिकरावांच्या घरात ती त्यांच्या आजीपासून चालत आलेली होती, आणि आता तिचं जगातलं एकुलतं झाड मधुकररावांच्या पडवीत, तेलाच्या कापलेल्या पिप्यात उभं होतं.

त्यात त्या झाडावर कोकडा रोग आला होता. पानं वाटीसारखी वळलेली, फुलं धरायच्या आधीच गळायची. शेवटच्या चार हिरव्या मिरच्या त्यांच्या पत्नीनं, जानकीबाईंनी, ठेच्यात घातल्या, आणि दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. आता "हो" लिहावं तर झाड मेलं म्हणजे शब्द खोटा पडणार. "नाही" लिहावं तर झाड अजून उभं आहे. मधुकररावांचा जन्म गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला होता. दुसऱ्याचं लिहिलेलं ते निर्धास्त पुढं करत. स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हटलं की त्यात दोनदा "बहुधा" येई, आणि ते वाचून त्यांनाच कसंसं होई.

स्वातीला पत्राचं ठाऊक होतं. पोस्टमनकडून तिनंच घेतलं होतं, बापाचं अक्षर ओळखलं होतं. पण सुनेनं सासऱ्याला कसं विचारावं? ती चहा ठेवायची, चष्म्याच्या घराकडे एकदा बघायची आणि जायची.

दिवाळीनंतर सिहोऱ्याची मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरली. मंडईला लेकी माहेरी जातात, सोयरे भेटतात. मधुकररावांनाही बोलावणं होतं, पण त्यांनी गुडघ्याचं कारण काढलं. स्वाती एकटी जाऊन आली. परत आली तेव्हा पिशवीत आलं, गूळ आणि अडुळशाचा पाला होता.

"बाबांनी मामाजीसाठी देल्लं," ती म्हणाली.

"माझ्यासाठी? कशाला?"

"खोकल्यावर."

जानकीबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले खोकला कधी झाला?"

स्वाती पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा विचारून राहिले होते, इवायाचं, तुमचं, उत्तर काहून नाही आलं म्हणून. चार पाव्हण्यांत विचारलं. मग मी सांगतलं, मामाजीले खोकला आहे, लिहिता नाही येत."

"खोकल्यानं लिहिता नाही येत?" जानकीबाई म्हणाल्या. "हात खोकते का यांचे?"

स्वातीला हसू आलं, ते तिनं पदरात घेतलं. जानकीबाईंनी तोच पाला उकळून काढा केला आणि पुढं आणून ठेवला. "सोयऱ्यानं धाडला आहे, वाया नाही गेला पाहिजे." मधुकरराव मुकाट्यानं तो कडू काढा प्यायले, आणि संपेपर्यंत रोज पीत राहिले. न झालेल्या आजाराचं औषध घशाखाली उतरताना फार सावकाश उतरतं.

आता झाड जगवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बागेवरची जुनी पुस्तकं काढून त्यांनी चाळली. एकात लिहिलं होतं, छाटू नका, दुसऱ्यात, छाटा. दोन दिवस विचार करून त्यांनी कात्री घेतली आणि सगळ्या वळलेल्या फांद्या काढून टाकल्या. राहिलं ते वीतभर खोड, त्याला दोन बेचकी.

"गेलं," जानकीबाई म्हणाल्या. "होती तेवढी पानंही काढली."

थंडी पडली. आंबागडकडच्या डोंगरावरून रात्रीचा वारा सुटला की तुमसरात पडवीतली फरशीसुद्धा बोचायची. मधुकररावांनी बुडाशी भाताची तणस पसरली, पाणी अगदी बेतानं द्यायला लागले, दिवसभर पिपा उन्हामागं सरकवत राहिले आणि दिवेलागणीला झाडाभोवती आपली पासोडी गुंडाळू लागले. घरच्या मागावर विणलेली, त्यांच्या वडिलांच्या हातची जाड सुती पासोडी होती ती.

"झाडाले पासोडी," जानकीबाई म्हणाल्या, "अन् आता माह्या अंगावरची ओढून राहिले. अर्ध्यात तुमी, अर्ध्यात मी. त्याले पुरी."

एवढं करून मधुकरराव थांबले असते तर बरं झालं असतं. पण झाड आत जिवंत आहे की नाही, हे कसं कळावं? पुस्तकात उपाय होता: नखानं साल किंचित खरडावी, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. त्यांनी खरडलं, हिरवं दिसलं, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, कालचं हिरवं कालचं होतं. पुन्हा खरडलं. पौष लागेपर्यंत खोडावर वरपासून खालपर्यंत चट्टे उठले आणि एक बेचकं शेंड्याकडून काळं पडत आलं.

जानकीबाईंनी ते पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "थंडीनं नाही मरून राहिलं ते. खरडून खरडून तुमी मारून राहिले त्याले. मी झोपले तर रोज नाकापुढं सूत धरून पाहता का, श्वास चालते का नाही म्हणून?"

जानकीबाईंनी काळं बेचकं मोडून टाकलं, शेण कालवून आणलं आणि साऱ्या खोडाला लेप दिला. "आता हात लावायचा नाही," असं सांगून त्या सूप घेऊन आत गेल्या.

खरडायची सोय गेली. आता नुसतं बसून पाहायचं. पहिले काही दिवस त्यांच्या बोटांना करमेना. मग हळूहळू तेही सवयीचं झालं. संक्रांत गेली, उन्हाला जरा धग आली, आणि एका सकाळी पासोडी काढताना त्यांना दिसलं: शेणाच्या लेपाला बुडाशी तडा गेला होता, आणि त्या फटीतून मोहरीएवढे दोन हिरवे डोळे वर आले होते.

त्यांनी स्वातीला हाक मारली. ती पीठभरल्या हातानं आली, उकिडवी बसली, बराच वेळ बघत राहिली.

"मग आता लिहिता का बाबाले?" ती खालीच बघत म्हणाली. पत्राबद्दल तिनं स्वतः पहिल्यांदाच विचारलं होतं.

"पानं उघडू दे जरा," मधुकरराव म्हणाले. "ती वळलेलीच निघाली तर? कोकडा गेला की नाही, ते कळल्याशिवाय... आणि मग फूल धरतं का, तेही पाहायला पाहिजे. एकदा मिरची लाल झाली की निश्चित लिहिता येईल."

"तवापर्यंत बाबा दुकानातलं बी घेऊन मोकळे होतील. तुमचं उत्तर नाही म्हणजे नाहीच, असंच ते धरून चालले असतील." ती उठली. "त्याच्यात त्याईची चूक नाही, मामाजी."

ती गेली. मधुकरराव पिप्याशी बसून राहिले. आपण काहीच लिहिलं नाही म्हणजे खोटं काही लिहिलं नाही, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती. पण सिहोऱ्यात त्यांचं उत्तर केव्हाच पोचलं होतं. ते "नाही" असं होतं, आणि झाडाला तर दोन डोळे आले होते.

दुपारी त्यांनी लिहायला घेतलं. एकही "बहुधा" घातला नाही, कारण जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असंच लिहिलं. "झाड कापलं होतं. आज त्याला दोन कोंब आले. पानं सरळ येतील की नाही, मला माहीत नाही. मिरच्या धरतील की नाही, तेही माहीत नाही. दुकानातलं बी घेऊन ठेवा, पण एक वाफा रिकामा ठेवाल का? आणि फाल्गुनात एकदा येऊन पाहून जा. उशीर माझाच झाला. मला खोकला झाला नव्हता."

चिकटवण्याआधी त्यांनी ते स्वातीला वाचायला दिलं. शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"हे काहून लिहिलं? बापापुढं मले खोटं पाडून राहिले."

मधुकरराव घाबरले. त्यांनी पत्र परत घेतलं, ती ओळ गिरगटून काढली आणि पुष्कळ विचार करून तिच्या जागी लिहिलं, "सध्या खोकला नाही. काढा सगळा घेतला."

"हे जमलं," स्वाती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

चौकातल्या पेटीपाशी उभं राहून त्यांनी पत्ता आणखी एकदा वाचला. मग पत्र फटीत सोडलं. पडल्याचा आवाज काही आला नाही. त्यांनी वाकून फटीत डोकावलं, आत काळोख होता. पेटीवर हातानं हलकेच वाजवून पाहिलं.

"पडलं ते, काका," मागं लिफाफा घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला. "सरकता का?"

मधुकरराव बाजूला सरकले.